घोणस अळी अंगाला लागली तर नेमकं काय करायचं?

सीनाकाठचा (ता. आष्टी, बीड)

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी आई बांधावर गवत कापत होती. एरंडाच्या बुडाशी विळा घातला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी लागलं. करंट बसावा तशी ओरडली. मी पळत गेलो, पान उलटून पाहिलं तर पिवळट हिरवी, बुटकी, दोन्ही कडांना काट्यांचे झुबके असलेली अळी. घोणस अळीच. रात्रभर हाताची आग, मनगटावर लाल पुरळ. आज सूज थोडी उतरलीय, पण काखेत अवधाण आलंय म्हणते.

शेजारचे म्हणतात सापावरचं इंजेक्शन देऊन आण. त्यात गावच्या ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरायला लागलाय, कपाशीत दोघं मरून पडलेत आणि बाजूला अळीचा फोटो, "चावली की पाच मिनिटांत खेळ खल्लास". आमचा मका आणि ऊस आहे. बायका खुरपायला यायला तयार नाहीत. यातलं खरं किती? कोणी स्वतः पेशंट पाहिलेत का?

निवृत्त सिस्टर (करमाळा)

दादा, आधी आईंकडे बघा. धाप लागतेय का, ओठ-जीभ सुजलेत का, चक्कर, सारख्या उलट्या, अंगभर गांधी? यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नका, गाडी काढा. तसं काही नसेल तर आई बऱ्या होतील. हाताला असं काही लागलं की काखेतली गाठ दुखतेच, त्याने घाबरून जाऊ नका.

सापावरचं इंजेक्शन अजिबात नको. अळीला घोणस नाव पडलं म्हणून तिचं विष सापाचं होत नाही. त्या इंजेक्शनचीच काही जणांना जोराची रिॲक्शन येते, ते उगाच टोचायची गोष्ट नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात तुमच्या आष्टीकडून आणि नगर, सोलापूर भागातून या अळीच्या बातम्या आल्या, तेव्हा मी प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्यूटीवर होते. लोक अळी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आणायचे. आग खरी असते, मी चांगल्या दणकट गड्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलंय. पण एक जण आला त्याने दंडाला सुतळी इतकी करकचून आवळली होती की बोटं निळी पडलेली. मनगटावर रुपयाएवढं पुरळ होतं, बस्स. सुतळी कापली, तास-दीड तास हात चोळत बसवला, तेव्हा कुठे बोटांत रंग आला. तो मेसेज वाचून त्याने हे केलं होतं. म्हणून या मेसेजचा मला इतका राग येतो.

अळी अंगावर दिसली तर हाताने झटकू नका, चिरडू तर मुळीच नका. काडीने किंवा पानाने उचलून टाका. मग चिकटपट्टी. पाकिटाला लावतो ती, दवाखान्यातली पांढरी, कुठलीही चालते. लागलेल्या जागेवर हलकी दाबून लावायची आणि सटकन ओढायची. दर वेळी नवा तुकडा घ्यायचा. उजेडाकडे धरलीत तर कधी कधी पट्टीवर बारीक बारीक कुसं दिसतात, काचेच्या चुऱ्यासारखी. ती कातडीत राहिली आणि तुम्ही वरून चोळलंत की आणखी आत जातात आणि आग वाढते. पट्टीनंतर साबणाच्या पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ धरा. खाज-सुजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो.

चुना, शेण, रॉकेल काही लावायचं नाही. ब्लेड मारायचं नाही. हे मी गावोगाव बोलत आले, तरी दर पावसाळ्यात कोणीतरी चुन्याने भाजून येतंच.

आणि डोळा. माझ्या मते खरी काळजी डोळ्याची करायला हवी, तिकडे कोणाचं लक्षच नसतं. केसाळ अळीचा केस डोळ्यात गेला तर तो हळूहळू आत सरकत जाऊ शकतो, आणि त्रास कित्येक आठवड्यांनी डोकं वर काढतो. डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलमधून ड्रॉप आणून घालत बसायचं नाही.

कीडकट्टा (राहुरी)

ताईंच्या म्हणण्याला कीटकांच्या बाजूने थोडी जोड देतो. ही अळी चावत नाही. तिचं तोंड पान खाण्यापुरतं. अंगावरचे काटे आतून पोकळ असतात आणि त्यांच्या बुडाशी विषाच्या पेशी. काटा टोचला आणि टोक मोडलं की विष कातडीत उतरतं. म्हणजे ती तुमच्या मागे लागत नाही, तुमचा हात तिच्यावर पडतो. पतंगांच्या लिमॅकोडिडी कुळातली ही अळी. पाय दिसत नाहीत, गोगलगाईसारखी सरपटते, म्हणून पुस्तकात तिला स्लग कॅटरपिलर म्हणतात. याच कुळातल्या एका ऑस्ट्रेलियन अळीच्या विषात संशोधकांना दीडशेच्या वर वेगवेगळी प्रथिनं सापडली, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एवढीशी जागा इतकी का पेटते ते यावरून समजतं.

पावसाळ्यात आणि परतीच्या पावसाच्या दमट हवेत ती जास्त दिसते. एरंड, आंबा, बांधावरचं गवत, मका, ऊस, सगळ्यावर चरते. पानं खाऊन मधली शीर ठेवलेली दिसली की त्या झाडाला हात लावण्याआधी पानं उलटून बघा. पिकाचं नुकसान सहसा मोठं नसतं, म्हणून घाबरून जहाल औषधांचा मारा करू नका. बांध स्वच्छ ठेवा, रात्री प्रकाश सापळा लावा, अळ्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. त्याने भागलं नाही तर कृषी सहायकाला विचारूनच पुढचं औषध.

त्या फोटोबद्दल. ती माणसं अळीने मेलेली नाहीत. जळगाव जिल्ह्यात शेतात वीज पडून झालेले मृत्यू आहेत ते. फोटो तिथला आणि अळी भलतीकडची, असं जोडून कोणीतरी सोडून दिलं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना तो फोटो दर पावसाळ्यात बघावा लागत असेल, याचा विचार पुढे पाठवणाऱ्यांनी करावा.

रक्तपेढीवाला (पुणे)

अळीमुळे माणूस मरतच नाही असं मात्र लिहू नका. मरतो, पण आपल्याकडच्या या अळीने नाही. दक्षिण अमेरिकेत लोनोमिया नावाची अळी आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये, विशेषतः रिओ ग्रांदे दो सुल आणि सांता कातारिना राज्यांत, १९८९ पासून तिचे बरेच रुग्ण यायला लागले. दिवसा त्या झाडाच्या खोडावर घोळक्याने बसतात, रंग सालीत मिसळून जातो. फळं काढणारा माणूस खोडाला टेकतो आणि एकदम कितीतरी अळ्यांचे काटे घुसतात.

तिचं विष रक्तातली गोठण्याची यंत्रणा नको तिथे चालू करतं आणि गोठायला लागणारी द्रव्यं संपवून टाकतं. मग रक्त थांबतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून येऊ लागतं. मेंदूत रक्तस्राव झाला किंवा किडन्या बंद पडल्या की माणूस जातो. पेरूमध्ये अनवाणी चालताना एका कॅनेडियन तरुणीचा पाय अशा पाच अळ्यांवर पडला होता. ती मायदेशी परतल्यावर दवाखान्यात दाखल झाली, पण वाचली नाही. साओ पावलोच्या बुटांटान संस्थेने यावर घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार केलं, आणि वेळेत दिलं तर रुग्ण वाचतात. लोनोमिया भारतात नाही, हे ग्रुपवर ठणकावून सांगा.

सीनाकाठचा

सगळ्यांचे आभार. आईला धाप, चक्कर काही नाही. ताईंचं वाचून पट्टी लावली, उशीर झाला होता तरी दोन कुसं निघाली. बर्फाने बरं वाटलं, दुपारी जेवून झोपली. ग्रुपवर विजेचं लिहिलं तर दोघांनी लगेच मेसेज काढून टाकला. आता खुरपणीचं सांगा. बायकांना कामावर बोलावताना काय तयारी ठेवू?

निवृत्त सिस्टर

कुसं निघाली ना, छान झालं.

प्रत्येकीला पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि जाड हातमोजे तुम्हीच द्या, त्यांच्या पदरचे मागू नका. ऊस-मक्यात वाकून काम करताना गळा आणि मान उघडी राहते, तिथे पंचा गुंडाळायला सांगा. ओझं डोक्यावर घेण्याआधी गवताची पेंढी जमिनीवर दोनदा आपटा. लेकरांना बांधावर झोपवू नका, कपडे झुडपावर वाळत घालू नका. चिकटपट्टीचा रोल, साबण आणि पाण्याचा कॅन शेतातच ठेवा, घरी नाही. जिला आधी कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून धाप लागली असेल तिला विचारून घ्या आणि ओळीत शेवटी ठेवा. तिला काही लागलं तर वाट न बघता दवाखाना.

आईंच्या काखेतली गाठ आठवड्याने तशीच राहिली, ताप आला किंवा मनगटावर पू दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. तोवर त्या हाताने विळा धरू देऊ नका.