नाशिक-इगतपुरीच्या वायनऱ्या स्वतःच्या गाडीने पाहायच्या आहेत: तीन दिवसांत काय जमेल?

मुलुंडकरीण

नमस्कार. प्रजासत्ताक दिनाला लागून आलेल्या शनिवार-रविवार-सोमवारच्या सुट्टीत आम्ही पाच जण मुलुंडहून आमच्या गाडीने नाशिककडे जाणार आहोत: मी, माझे पती, दीर, जाऊबाई आणि सासूबाई. कोणत्याही सहल कंपनीबरोबर न जाता इगतपुरीच्या डोंगरांपासून गंगापूर धरणापर्यंतच्या वायनऱ्या आपल्या आपण पाहाव्यात, असे मनात आहे. शनिवारी जाता जाता सांजेगावजवळच्या ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, रविवारी सुला, यॉर्क आणि सोमा, तर सोमवारी दिंडोरीची शाँदों पाहून परत, असा कच्चा आराखडा तयार केला आहे.

आमच्यापैकी चौघांना वाइन आवडते, पण त्यातले फारसे कळत नाही. त्यामुळे नुसती चव घेण्यापेक्षा द्राक्षापासून बाटलीपर्यंतचा प्रवास नीट समजून घेण्याची इच्छा आहे. सासूबाई घेत नाहीत. मात्र त्यांना आमच्या घेण्याबद्दल तक्रार नाही. त्र्यंबकेश्वरचे दर्शन घडवा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. गाडी माझे पती आणि दीर आळीपाळीने चालवतील. हा आराखडा व्यवहार्य आहे का, आणि त्या दिवसांत द्राक्षे वेलीवर पाहायला मिळतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरचा पांथस्थ

आपली यादी चांगली आहे, परंतु सोमवार त्यातून काढावा लागेल. २६ जानेवारी हा राज्यात ड्राय डे असतो. त्या दिवशी मद्यविक्री बंद असल्याने वायनरीच्या दारापर्यंत गेलात तरी चव मिळणार नाही आणि बाटलीही विकत घेता येणार नाही. शिवाय दिंडोरी ही गंगापूरपेक्षा वेगळ्याच दिशेला असून मोएत हेनेसी समूहाची शाँदों मुख्यतः फसफसणाऱ्या वाइनसाठी ओळखली जाते. ती पाहायचीच असेल तर आधी फोन करून वेळ ठरवून, निराळ्या फेरीत पाहावी.

उरलेल्या पाच ठिकाणांचे दोन स्पष्ट गट पडतात. सांजेगावचा गट इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाच्या परिसरात आहे, तर सुला, यॉर्क आणि सोमा हा गट नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या जलाशयालगत आहे. एका दिवशी एकच गट धरावा आणि त्यातही दोनच वायनऱ्या सावकाश पाहाव्यात, असे माझे मत आहे. तिसऱ्या वायनरीत पोहोचेपर्यंत जीभ आणि लक्ष दोन्ही थकलेली असतात, आणि मग समोर आलेली शिराझसारखी उत्तम लाल वाइनही पहिल्या पेल्याइतकी बोलत नाही.

आता गाडीबद्दल. पती आणि दीर आळीपाळीने चालवतील, असे आपण लिहिले आहे. दोघेही चव घेणार असतील तर ही योजना सोडून द्यावी, हे स्पष्टपणे सांगतो. सहा वाइन प्रत्येकी ३० मिलीलीटर, अशी साधी चव घेतली तरी १८० मिलीलीटर होते. वाइनमधील मद्यार्काचे प्रमाण साडेबारा टक्के धरले तर पोटात सुमारे १८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. कायद्याने चालकाच्या रक्तात दर १०० मिलीलीटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्ध्या-पाऊण तासात एवढी चव घेतली तर ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्याचे राहू द्या; धरणाकाठचे रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, वाटेत गुरे असतात आणि द्राक्षांचे ट्रॅक्टर असतात. म्हणून एक तर त्या दिवशीच्या चालकाने एक थेंबही घेऊ नये, किंवा गाडी मुक्कामी ठेवून दिवसभरासाठी स्थानिक टॅक्सी करावी. तोंडात घेऊन थुंकण्यासाठी मागितल्यास भांडे मिळते आणि परीक्षक तसेच करतात. पण चालकासाठी तो उपाय मी सुचवणार नाही.

जाताना आमणे येथून समृद्धी महामार्ग धरावा. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्यातील लांब बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. मात्र मुलुंडहून आमण्यापर्यंत पोहोचण्यातच, विशेषतः माजिवडा ते वडपे या पट्ट्यात, बराच वेळ मोडतो. सुट्टीच्या शनिवारी उजाडायच्या आत ठाणे ओलांडलेले बरे.

गोदाकाठ

मी नाशिकचा असून आमच्या घरी खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे. त्यामुळे द्राक्षांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

जानेवारीचा शेवटचा आठवडा हा आपण निवडू शकाल असा उत्तम काळ आहे. युरोपात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो, उन्हाळ्यात वाढतो आणि सप्टेंबरच्या आसपास काढणी होते. आपल्याकडे त्याला तशी झोप मिळत नाही. वेल वर्षभर हिरवा राहू पाहतो आणि मधे चार महिने पाऊस कोसळतो. म्हणून आपले बागायतदार दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून येणाऱ्या काड्यांवर पुढच्या हंगामाची घडनिर्मिती ठरते. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि फळ धरते ते या छाटणीनंतर. अशा रीतीने पावसाळ्यात वेलीवर फक्त पाला असतो आणि घड कोरड्या, थंड हवेत पिकतात. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावरचे धबधबे पाहायला आलेली मंडळी वायनरीतही डोकावतात आणि द्राक्षे कुठे आहेत, असे विचारतात. त्यांना मिळते ती भरगच्च हिरवाई, आणि बागायतदाराच्या नशिबी येते ती केवडा आणि भुरी या रोगांवरची फवारणी.

वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे डिसेंबरअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. फसफसणाऱ्या वाइनसाठी आम्लता हवी असते, म्हणून ती द्राक्षे साखर फार चढण्याआधीच, सर्वांत आधी तोडतात. त्यामागून शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ यांसारखी पांढरी वाणे आणि शेवटी शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों यांसारखी लाल वाणे येतात. म्हणजे आपण याल तेव्हा पांढऱ्या द्राक्षांची तोडणी चालू असेल आणि लाल घड वेलीवर रंग भरून उभे असतील. तोडणी पहाटेच्या गारव्यात होते. सकाळी लवकर पोहोचलात तर क्रेट उतरवणे, देठ वेगळे करणे आणि दाबयंत्रात रस निघणे, हे सगळे एका ठिकाणी पाहता येईल. दुपारी चारला येणाऱ्याला धुतलेली यंत्रे पाहावी लागतात.

नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर आहे. दिवसा चांगले ऊन पडते, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली जातो. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने आम्लता टिकते. चांगल्या वाइनसाठी दोन्ही लागतात. अर्थात हे सगळे आभाळाने साथ दिली तर. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की वर्षाचे कष्ट दोन तासांत आडवे होतात. वायनरीतला मार्गदर्शक हे बहुधा सांगणार नाही, पण रांगेत काम करणाऱ्या एखाद्या माणसाला विचारले तर तो सांगेल.

रस्त्याने येताना सगळ्याच बागा वाइनच्या समजू नका. मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरलेले वेल दिसले, तर ती बहुतेक खाण्याच्या द्राक्षांची बाग असते. वाइनचे वेल तारांवर सरळ उभे, मेंदीच्या कुंपणासारखे रांगेत वाढवलेले असतात, आणि त्यांचे मणी बारीक, जाड सालीचे व बियांचे असतात. मालकाला विचारून एक मणी चाखून पाहा. अनेकांना तो फिका लागेल असे वाटते; प्रत्यक्षात तो खाण्याच्या द्राक्षापेक्षाही गोड असतो, फक्त सालीचा तुरटपणा मागे राहतो. लाल वाइनला रंग आणि तो तुरटपणा सालीमुळेच येतो, कारण तिचा रस सालीसकट आंबवतात. पांढरीसाठी रस आधी गाळून मग थंड टाक्यांत आंबवतात.

सोमवार मोकळा झाला म्हणून त्र्यंबकेश्वर त्या दिवशी ठेवणार असाल, तर मात्र एक सूचना. महादेवाचा वार, त्यात सरकारी सुट्टी आणि वर जोडून आलेला शनिवार-रविवार. त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत सासूबाईंचे हाल होतील. रविवारी पहाटे निघून दर्शन उरकावे आणि तिथून गंगापूरकडे यावे. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर आहे, त्यामुळे दुपारच्या जेवणाआधी आपण धरणाकाठी पोहोचाल.

ठाणेकर प्रवासी

चालकाचा प्रश्न मुळातच नको असेल तर शनिवारी सकाळची मुंबई-शिर्डी वंदे भारत ठाण्याहून घ्यावी. नऊच्या आसपास ती नाशिकरोडला पोहोचते. तिथून दिवसभरासाठी टॅक्सी करता येते. नाशिकरोड स्थानक शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर धरण दुसऱ्या टोकाला आहे, एवढे भाडे ठरवताना लक्षात ठेवावे. पाच जणांना एका टॅक्सीत बसवायचे असेल तर मोठी गाडी आधीच सांगून ठेवावी.

अंधेरीची वाचक

पांथस्थांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे. परंतु दोन्ही गटांना त्यांनी सारखेच वजन दिले आहे, ते मला पटत नाही. तुम्हाला वाइन कशी होते हे समजून घ्यायचे असेल आणि डोंगरही पाहायचे असतील, तर सांजेगावला पूर्ण दिवस द्यावा आणि गंगापूरला अर्धा.

सुलाचे महत्त्व कोणी नाकारत नाही. राजीव सामंत यांनी तिथे द्राक्षे लावली नसती, तर आज नाशिकला वाइनसाठी कोणी आले असते का, याची शंका आहे. पण सुट्टीच्या शनिवार-रविवारी तिथे इतकी गर्दी असते की मार्गदर्शकाला प्रश्न विचारणे अवघड होते. लोक फोटो आणि पिझ्झा यांसाठीच आलेले असतात, आणि त्यात वाईट काही नाही. जलाशयावरचा सूर्यास्त पाहायचा असेल तर यॉर्कच्या गच्चीवर बसावे. २०२१ पासून यॉर्कची मालकीही सुलाकडेच आहे.

व्हॅलोने लहान आहे. तिथे माणसे कमी असली की टाक्या, पिंपे आणि बाटल्या यांच्यामधून सावकाश फिरवतात आणि शंकांना उत्तरे देतात. ग्रोव्हर झाम्पा मोठी आहे. बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांतील ग्रोव्हर आणि सांजेगावची व्हॅले द व्हॅं या दोन कंपन्या २०१२ मध्ये एकत्र येऊन ती झाली. दोन्हींकडे एकच प्रश्न विचारून पाहा: ही वाइन पोलादी टाकीत ठेवली होती की ओकच्या पिंपात, आणि का? एकाच द्राक्षाच्या या दोन तऱ्हा शेजारी शेजारी चाखल्या की जे कळते, ते कितीही वाचून कळत नाही. चव घेण्याचा क्रमही पाळावा: आधी फसफसणारी, मग पांढरी, गुलाबी, लाल आणि अगदी शेवटी गोड. त्या दिवशी अत्तर लावू नये. आणि नाशिकची मिसळ परतीच्या दिवसासाठी राखावी; झणझणीत तर्री खाऊन आलेल्या जिभेला सोव्हिन्यों ब्लाँ आणि लिंबूपाणी यांतला फरक सांगता येणार नाही.

सासूबाईंना दोन तास बसून राहण्यात आनंद वाटेल अशी जागाही सांजेगावच्या बाजूलाच आहे. समोर बागा, मागे कावनई किल्ल्याचा डोंगर आणि मुकण्याचे पाणी असते. मात्र तिकडचे आतले रस्ते फोनवरच्या नकाशावर सोडू नयेत. निघण्यापूर्वी वायनरीत फोन करून वाट विचारावी आणि भेटीची वेळही तेव्हाच नक्की करून घ्यावी.

मुलुंडकरीण

सर्वांचे मनापासून आभार. घरात चर्चा होऊन असे ठरले आहे की शनिवारी लवकर निघून सांजेगावच्या दोन्ही वायनऱ्या पाहायच्या, आणि त्या दिवशी दीर गाडी चालवतील व काहीही घेणार नाहीत. रविवारी पहाटे त्र्यंबकेश्वर, दुपारनंतर मुक्कामावरून टॅक्सी करून फक्त यॉर्क आणि वेळ उरला तर सोमा, म्हणजे दिरांचीही भरपाई होईल. सोमवारी मिसळ खाऊन परत. सुला या वेळी वगळली म्हणून जाऊबाई थोड्या नाराज आहेत. एक शेवटची शंका अशी की शनिवारी घेतलेल्या बाटल्या सोमवारपर्यंत गाडीतच ठेवल्या तर चालेल का?

दादरचा पांथस्थ

गाडीत ठेवू नयेत. जानेवारीतही उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून चांगलीच तापते आणि त्या उष्णतेने वाइन बिघडते. मुक्कामाच्या खोलीत, खिडकीपासून दूर ठेवाव्यात. बूच असलेल्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. बिल जपून ठेवावे. घरी आल्यावर पांढऱ्या वाइन वर्षभराच्या आत संपवाव्यात, कारण मुंबईच्या उकाड्यात फ्रिजबाहेर त्या फार काळ टिकत नाहीत. आणि जाऊबाईंना सांगावे की सुलाच्या बाटल्या मुलुंडच्या दुकानातही मिळतात. लहान वायनऱ्यांच्या मात्र सगळ्या तिथे मिळतीलच असे नाही, म्हणून पिशवीतली जागा त्यांच्यासाठी ठेवावी.