हिब्रूतल्या 'एखाद' शब्दावरून त्रैक्य सिद्ध होतं का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. मी चर्चमध्ये संडे स्कूलला मोठ्या मुलांचा वर्ग घेते. मागच्या रविवारी बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचं ६:४ होतं, "हे इस्राएला, ऐक" वालं, ज्यात परमेश्वर एकच आहे असं म्हटलंय. तयारी करताना एका पुस्तिकेत वाचलं की हिब्रूत एकासाठी दोन शब्द आहेत, 'एखाद' म्हणजे अनेक मिळून झालेला एक आणि 'याखीद' म्हणजे निव्वळ एकटा, आणि मोशेने मुद्दाम 'एखाद' वापरला म्हणून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तिथंच आहे. उदाहरणं होती नवरा-बायको एकदेह होतात ते आणि हेरांनी आणलेला द्राक्षांचा घड. शिवाय एलोहीम हा देवासाठीचा हिब्रू शब्द अनेकवचनी आहे वगैरे. मी तसंच शिकवलं, तर एक मुलगा म्हणाला टीचर, यूट्यूबवर ज्यू रब्बी म्हणतात हे चूक आहे. माझा त्रैक्यावर पूर्ण विश्वास आहे, तो प्रश्न नाही, पण मुलांना चुकीचं सांगितलं असेल तर सुधारायचंय. हिब्रू येणारं कोणी आहे का इथे?

प्रतिसाद १:
ताई, मीही ख्रिस्ती आहे आणि सेमिनरीत तीन वर्षं हिब्रू शिकलो, म्हणून स्पष्ट सांगतो, हा मुद्दा सोडून द्या. 'एखाद' हा साधा आकडा आहे, आपला 'एक'. (आपल्या 'एखादा'शी काही नातं नाही, नुसतं कानाला सारखं लागतं.) गणना १३:२३ मध्ये 'एश्कोल अनावीम एखाद' आहे, द्राक्षांचा एक घड. आता मराठीतच बघा, एक घड म्हटल्यावर पुष्कळ द्राक्षं डोळ्यांसमोर येतात ती 'घड' शब्दामुळे, 'एक'मुळे नाही. घड तर एकच होता ना! दोन माणसांनी दांडीवर घालून आणला तरी एकच. एकदेहाचं तसंच, दोघं आहेत हे वाक्यात आधीच सांगितलंय. उलट उपदेशक ४:८ काढून बघा, एकटा माणूस, ना मुलगा ना भाऊ, त्याला दुसरं कोणी नाही, तिथेही 'एखाद'च आहे. यहेज्केल ३३:२४ मध्ये अब्राहाम एकटा होता, तिथेही तोच.

आणि 'याखीद' जुन्या करारात जेमतेम १२ वेळा येतो, त्यात देवासाठी एकदाही नाही. त्याचा अर्थ एकुलता एक किंवा एकाकी. उत्पत्ती २२ मधला इसहाक, शास्ते ११ मधली इफ्ताहाची लेक. मग मोशेने तो टाळला असं म्हणण्यात अर्थच नाही, तो शब्द तिथे बसतच नव्हता.

एलोहीमबद्दल: आपण "बाबा आले" म्हणतो, आलेले बाबा एकच असतात, तसा मानाचा प्रकार. फरक एवढाच की आपण क्रियापदही अनेकवचनी करतो, हिब्रूत उत्पत्ती १:१ ला नाम अनेकवचनी आणि 'बारा' म्हणजे निर्माण केलं हे क्रियापद एकवचनी. काही अपवाद आहेत, उत्पत्ती २०:१३ बघा. पण शास्ते १६:२३ मध्ये पलिष्ट्यांच्या एकट्या दागोनलाही एलोहीमच म्हटलंय, त्याला कोणी त्रैक्य म्हणणार नाही.

प्रतिसाद २:
सहमत नाही पूर्ण. "आपण मनुष्य करू" (उत्पत्ती १:२६) त्याचं काय? दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरनेही ते पित्याचं पुत्राशी बोलणं म्हणूनच घेतलंय, हे कालपरवाचं नाही.

प्रतिसाद १:
हो, चर्चचं ते वाचन जुनं आहे आणि मलाही प्रिय आहे. पण ते ख्रिस्ताला ओळखल्यानंतरचं वाचन आहे. राशी वगैरे ज्यू भाष्यकार तिथे देवदूतांशी बोलणं मानतात. माझं म्हणणं एवढंच, त्रैक्य आपल्याकडे येशूमुळे आलं, योहान १, मत्तय २८:१९, मग ३२५ ची निकियाची आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची धर्मसभा. येशूने स्वतः मार्क १२:२९ मध्ये हाच शमा, म्हणजे "हे इस्राएला, ऐक" हे वचन, पहिली आज्ञा म्हणून सांगितला. एवढा भक्कम पाया असताना व्याकरणाची नसलेली टेकू कशाला लावायची, ती निसटली की मुलांना वाटतं सगळंच खोटं.

प्रतिसाद ३:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. वादात पडत नाही पण हा शब्द आमच्यासाठी काय आहे ते सांगावंसं वाटलं. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. हिब्रू ग्रंथ हातात नव्हते, पाठ राहिला तो शमा. सुंता असो, लग्न असो, शमा म्हणायचे. माझी आजी उजवा हात डोळ्यांवर ठेवून म्हणायची आणि 'एखाद'चा शेवटचा द लांबवायची. तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातच आहे की जो एखाद लांबवतो त्याचं आयुष्य लांबतं. तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) गुंडाळीत तो शेवटचा दालेत, म्हणजे 'द'चं अक्षर, मोठा लिहितात, कारण दालेत आणि रेश ('र'चं अक्षर) अगदी सारखे दिसतात, दालेतचा कोपरा घासला गेला तर 'एखाद'चं 'आखेर' होतं, म्हणजे 'दुसरा'.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार सगळ्यांचे. रविवारी मुलांना सांगणार की मागचं मी चुकीचं शिकवलं, आणि उपदेशक ४:८ त्यांनाच वाचायला देणार. दालेत आणि रेश फळ्यावर काढून दाखवायचेत, दादा कोणी मोठ्या अक्षरात फोटो टाकाल का?