मधुमेहाने पाय बधिर झालेत: चिनी काढा, सुया, पाय शेकणं, यातलं काय करावं?

मुक्ता७
सिंगापूरला राहणाऱ्या सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ६८, मधुमेह जुना. साखरेसाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल चालू आहे, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचं माप) ४८, म्हणजे कमी. रात्री तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, अंगठ्यांना स्पर्श कळत नाही. तिथल्या चिनी वैद्यांनी 'ह्वांगछी ग्वेइजी वूवू थांग' हा काढा, आठवड्यातून दोनदा अ‍ॅक्युपंक्चर आणि रोज रात्री गरम औषधी पाण्यात पाय बुडवायला सांगितलंय. शेजाऱ्यांनी 'श्याओखं वान' नावाच्या गोळ्याही आणून दिल्यात. काय चालेल, काय टाळावं?

रानजाई
आधी त्या गोळ्या बाजूला काढा. बाकीचं नंतर बोलू.

श्याओखं वान ही नुसती झाडपाल्याची गोळी नाही. त्यात ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं आधुनिक औषध असतं, एका गोळीत ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा गोळ्यांत २.५. चीनमध्ये हे उघडपणे मान्य केलेलं मिश्रण आहे, चोरून घातलेलं नाही. पण डबीवरची चिनी अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत. ग्लिमेपिराइड त्याच जातीचं औषध. दोन्ही पोटात गेली की साखर हवी त्याहून खाली उतरते. त्यात ग्लिबेनक्लामाइडचे अंश किडनीवाटे बाहेर पडतात, आणि ईजीएफआर ४८ असताना ते रेंगाळतात. म्हणून साखर-पाणी देऊन माणूस सावरला तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकतो. गोळ्या घेऊन झाल्या असतील आणि घाम, थरथर, बरळणं असं काही दिसलं, तर ग्लुकोज द्या आणि थेट इस्पितळात न्या, घरी वाट बघू नका.

आता काढा. हा योग चीनच्या हान काळातले जुने वैद्य जांग जोंगजिंग यांच्या ग्रंथातला, मूळचा अंग बधिर पडण्यावरचा. घटक पाचच: ह्वांगछीचं मूळ, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचं मूळ, आलं आणि लाल बोरं. मुळात पहिली तिन्ही समभाग, आलं त्यांच्या दुप्पट, बोरं बारा. एवढ्यावर थांबला तर काढा तसा सौम्य आहे. अडचण येते ती वैद्य त्यात भर घालतात तेव्हा. मधुमेहाच्या बधिरपणासाठी दांशेन आणि दांगग्वेइ ही मुळं हमखास वाढवतात. दोन्हींनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि क्लोपिडोग्रेलही चालू आहे. तेव्हा चिठ्ठीवरचं प्रत्येक नाव वाचून घ्या. पूड किंवा तयार कॅप्सूल असेल तर घटकांची यादी मागा, आणि ती मिळत नसेल तर घेऊच नका.

सह्यकडा
सुयांबद्दल. नेहमीचे बिंदू असे: जूसान्ली (गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर), सान्यिनज्याओ (आतल्या घोट्याच्या वरच्या बाजूला चार बोटं), थायशी (आतला घोटा आणि टाचेची शीर यांमधली खळगी), आणि बाफंग, म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांतले चार-चार बिंदू. मोजायची बोटं रुग्णाची, वैद्याची नव्हेत. सुई साधारण ०.२५ मिमी जाड, २० ते ३० मिनिटं ठेवतात.

चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. सुई 'लागली' की रुग्णाला जड, ओढल्यासारखं वाटतं, त्यावरून खोली ठरवायची पद्धत. बधिर पायाला ते वाटतच नाही, म्हणून सुई आणखी आत सारली जाते. विजेच्या सुयांतही तेच: 'अजून काही जाणवत नाही' असं रुग्ण म्हणतो आणि करंट वाढवला जातो. तिथे स्नायूची हलकी फडफड दिसली की थांबायचं, रुग्णाच्या सांगण्यावर जायचं नाही. पेसमेकर असेल तर वीज नकोच. बेचक्यांत भेग, बुरशी किंवा ओल असेल तर बाफंग त्या दिवशी वगळा. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट समोर फोडलेलं हवं.

फायदा? आग आणि दुखणं थोडं कमी होतं असं काही चाचण्यांत दिसलंय. त्या बहुतेक छोट्या आहेत. काढ्यांचा पुरावा त्याहून कच्चा: वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्याने पुष्कळ चाचण्या तपासूनही ठोस काही सांगता येत नाही असंच म्हटलं. गेलेली संवेदना परत येईल, असं कुणी ठामपणे म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

वैद्यक_प
मला सगळ्यात जास्त भीती पाण्याची वाटते. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही, फोड सकाळी मोज्याला चिकटलेला दिसतो. शिवाय गरम झालेली त्वचा जास्त रक्त मागते; पायाच्या धमन्या अरुंद असतील तर ते पोचत नाही आणि ती जागा मरते. म्हणून गरम पाणी, मॉक्साचा (जळत्या औषधी पाल्याचा) शेक, गरम दगड, विजेचं फूटबाथ, सगळं बंद. भिजत ठेवलेली कातडी मऊ पडून फाटते, त्यामुळे कोमट पाण्यातही बसायला नको. पाय धुताना पाणी ३७ अंशांच्या आत हवं, थर्मामीटरने पाहिलेलं. हाताने नको, हातही बधिर असू शकतो. नंतर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा.

आणि बी१२ तपासलंय का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते घटतं, आणि त्याच्या मुंग्या अशाच असतात. शाकाहारी असतील तर आधी हेच बघा. आग कमी करायला ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन अशी औषधं आहेत. प्रीगाबालिनची मात्रा किडनीप्रमाणे उतरवावी लागते.

मुक्ता७
गोळ्या अजून घेतल्या नव्हत्या, काढून ठेवल्या. बी१२ उद्याच करतो. चिठ्ठी वाचून घेतली: वरच्या पाचांशिवाय दांगग्वेइ, शीशिन आणि फूज आहे.

रानजाई
तिन्ही काढायला सांगा. दांगग्वेइचं कारण वर दिलंच आहे. फूज म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातलं मूळ. विष काढून नीट शुद्ध केलेलं नसेल किंवा कमी उकळलं तर ओठ-जीभ बधिर होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आधीच बधिरपणा असलेल्या माणसात ही पहिली खूण सहज निसटते. शीशिन या वनस्पतीच्या पानाखोडात किडनीला घातक असं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, म्हणून चीनच्या औषधकोशाने २००५ पासून फक्त मूळ वापरायला सांगितलंय. त्याच आम्लाच्या दुसऱ्या एका वनस्पतीने ब्रसेल्समध्ये १९९० च्या दशकात वजन घटवायला गेलेल्या बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. फांगजी या औषधाच्या जागी चुकून ती वापरली गेली होती. म्हणून फांगजी आणि मूथोंग ही नावंही पुढच्या चिठ्ठ्यांत शोधा. ईजीएफआर ४८ वर हा धोका पत्करायचा नाही. पाच घटकांचाच काढा द्यायचा ठरला तर आधी साखरेच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा, आणि क्रिएटिनिन व पोटॅशियम सुरू करण्यापूर्वी आणि दोन आठवड्यांनी तपासा.