शैक्षणिक गेमवरचं संशोधन: काय वाचू?

वैदेही_एमएड
नमस्कार मंडळी. लघुप्रबंधासाठी ‘पाचवीला अपूर्णांक शिकवताना मोबाइल गेमचा उपयोग’ हा विषय घेतलाय. सर म्हणाले, आधी पूर्वसंशोधनाचा आढावा आण. शोधायला बसले तर निम्मे लेख गेमच्या व्यसनावर, उरलेले ॲप विकणाऱ्यांचे. नेमकं काय वाचू? इंग्रजी चालेल, फुकट असेल तर उत्तम.

जुना_गडी
व्यसनाचं बाजूला ठेवा, तो प्रांतच वेगळा. थॉमस मॅलोनपासून सुरुवात करा, ‘कॉग्निटिव्ह सायन्स’मधला १९८१ चा लेख. त्यातला ‘डार्ट्स’ तुमच्याच विषयाचा: संख्यारेषेवर फुगे, मुलांनी फुग्याची जागा अपूर्णांकात टाइप करायची, बरोबर आली की बाण जाऊन फुगा फुटतो. मॅलोननी यातला एकेक भाग काढून वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या आणि मुलं कशात रमतात ते पाहिलं. फुगे फोडणं मुलग्यांना आवडलं, मुलींना नाही! ‘गेममुळे गोडी लागते’ असं सरसकट लिहिण्याआधी हे वाचाच.

सातारी_मास्तर
+१. पण एकच वाचायचं तर हॅबगुड आणि एन्सवर्थ, २०११. गेमचं नाव ‘झॉम्बी डिव्हिजन’. हाडांचे सापळे अंगावर येतात, प्रत्येकाच्या छातीवर संख्या. तिला निःशेष भाग जाईल असं शस्त्र निवडलं तरच सापळा पडतो. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तीच, पण छातीवर नुसती चिन्हं आणि भागाकार टप्प्याच्या शेवटी प्रश्नमंजूषेत. सारखा वेळ देऊनही पहिल्या आवृत्तीवाली मुलं जास्त शिकली, आणि मोकळं सोडल्यावर त्याच आवृत्तीत सातपट वेळ रमली. आपल्याकडची बहुतेक ॲपं दुसऱ्या जातीची: चार गणितं सोडवा, मग गाडी पळवा. तुमचा गेम कुठल्या जातीचा, ते आधी बघा.

वैदेही_एमएड
मास्तर, शाळेने घेतलेला गेम गाडीवालाच आहे, आता बदलणार नाहीत. आकडेवारीसाठी काही?

रेवा
ताई, दोन मेटा-विश्लेषणं (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेला हिशोब) पुरेत. वाउटर्स आणि सहकारी, २०१३: गेमने शिकणं वाढतं, टिकतंही, प्रेरणा मात्र वाढल्याचं ठामपणे दिसलं नाही. लोक नेमकं उलटं धरून चालतात. दुसरं क्लार्क आणि सहकारी, २०१६: गेम विरुद्ध बिनागेम, शिकण्यावरचा परिणाम सुमारे ०.३३ (प्रमाण विचलनाच्या मापात, म्हणजे गुणांच्या नेहमीच्या चढउताराच्या साधारण एक तृतीयांश). त्याच गेमची सुधारित रचना विरुद्ध मूळ रचना, तिथेही ०.३४, म्हणजे गेमची रचनाही तितकीच महत्त्वाची. भारतातलं हवं तर ‘क्लिक्स’ बघा, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि अमेरिकेतल्या एमआयटीचा उपक्रम. सरकारी शाळांसाठी केलेला, भूमितीला त्यांचा ‘पोलीस क्वाड’ नावाचा गेम आहे.

जुना_गडी
फुकटात ‘गेम स्टडीज’ नियतकालिक, २००१ पासून ऑनलाइन. पण तिथे वर्गातलं कमी, सिद्धान्तचर्चा जास्त. प्रस्तावनेत एक परिच्छेद, बास.

सातारी_मास्तर
वैदेही, गाडीवाला राहू द्या. तुलनेला संख्यारेषेचा एखादा साधा गेम घ्या. दोन तुकड्या, सारखा वेळ, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि महिन्याने आणखी एक. ही शेवटची सहामाही परीक्षेच्या आठवड्यात येऊ देऊ नका, मुख्याध्यापक वर्गच देणार नाहीत.