टाच दुखते, सकाळी पहिलं पाऊल टाकवत नाही. आषाढीपर्यंत चालता येईल का?

फलटणची_लेक (मार्च)

नमस्कार मंडळी. वय ५१, राहायला चिंचवडला. चौदा वर्षं माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला ओट्यापाशी उभी राहते ती अकरा वाजेपर्यंत, अनवाणी, शहाबादी फरशीवर. दिवाळीनंतर डावी टाच दुखायला लागली.

दुखणं कसं आहे ते नीट लिहिते, कारण डॉक्टरांसमोर मला ते धड सांगता आलं नाही. रात्री झोपेत काही नसतं. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेखाली, जरा आतल्या बाजूला, खिळा रुतावा तशी कळ येते. मोरीपर्यंत भिंत धरून चवड्यावर जाते. पंधरा-वीस पावलं टाकली की ओसरतं. कामाच्या भरात जाणवत नाही. दहाला चहापुरती स्टुलावर टेकले आणि उठले, की परत तीच कळ. संध्याकाळी अख्खी टाच ठणकते.

एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. इंजेक्शन घेतलं, महिनाभर छान गेला, मग पहिल्यासारखंच. आता म्हणतात दुसरं घ्या, नाहीतर ऑपरेशन. सासूबाई करायच्या तसा गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकही घेते. शेकताना बरं वाटतं, तेवढंच.

आमच्याकडे वारी आहे. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, त्यांची डोईवरची तुळस आता माझ्याकडे आहे. यंदा मला चालायचं आहे. हाड खरंच कापावं लागतं का? काम बंद ठेवणं मला शक्य नाही, चार बायकांचं घर त्यावर चालतं.

लालपरीचा_वाहक

ताई, हुबेहूब माझंच दुखणं लिहिलंत. २६ वर्षं गाडीत उभा आहे. मी सहा महिन्यांत दोन इंजेक्शनं घेतली, कारण सुट्टी नव्हती. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, पण टाचेची गादीच विरल्यासारखी झाली आहे. बारीक खडा आला तरी थेट हाडाला लागतो. दुसऱ्याची घाई करू नका, एवढंच कळकळीने सांगतो. मला उतार पडला तो पाण्याच्या बाटलीने. अर्ध्या लिटरची बाटली फ्रीजरमध्ये गोठवायची, खाली फडकं घालायचं आणि रात्री दहा मिनिटं तळव्याखाली पुढे-मागे फिरवायची.

पाऊलवाट (फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर)

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पक्कं सांगत नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन प्लांटार फॅशायटिसचं आहे. टाचदुखीचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण हेच.

हाड वाढल्याचं मनातून काढा. ज्यांची टाच जन्मात कधी दुखली नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही ते टोक दिसतं. दुखतो तो तळपायातला जाड पट्टा, प्लांटार फॅशिया. टाचेच्या हाडापासून निघून तो बोटांच्या मुळाशी जातो आणि पायाची कमान धरून ठेवतो. कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहून टाचेपाशी तो दुखावतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि उठल्यावर अंगाचं सगळं वजन एकदम त्याच्यावर येतं. स्टुलावरून उठतानाही तेच होतं.

म्हणून पाय जमिनीला लावायच्या *आधी* हे करा. पलंगाच्या कडेला बसून डावा पाय उजव्या मांडीवर घ्या. डाव्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा. उजव्या अंगठ्याने तळवा चाचपला तर दोरीसारखा ताणलेला पट्टा हाताला लागेल. लागला, की ओढ बरोबर आहे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातलं एकदा चहाच्या स्टुलावरून उठण्याआधी. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीला ताण द्या, कारण आखडलेली पोटरी टाचेला खेचत राहते.

दोन-तीन आठवड्यांनी जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाचा पायरीच्या बाहेर. तीन मोजत वर, दोन मोजेपर्यंत थांबायचं, तीन मोजत खाली. दिवसाआड. सुरुवातीला थोडं दुखेल.

आणि अनवाणी उभं राहणं आजपासून बंद. टाचेकडे जरा उंच, मऊ चप्पल घाला, ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाका. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, पण सहा महिने, कधी वर्षही जातं. इतकी वाट बघायची तयारी नसते म्हणून लोक व्यायाम मध्येच सोडतात.

एक करून बघा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबा. तशी दाबून जोरात दुखली, किंवा रात्री झोपेतही ठणकू लागली, सूज आली, बधिरपणा आला, तर प्रकरण वेगळं असू शकतं. मग हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवा.

गोदाकाठ

ताई, साखर तपासली आहे का? विटेचा शेक वाचून काळजात धस्स झालं. माझ्या वडिलांना बारा वर्षांचा मधुमेह. तळपाय बधिर झाले होते ते आम्हाला कळलंच नाही. असाच विटेचा शेक घेतला, चटका बसला तरी त्यांना समजलं नाही. फोड आला, तो फुटला, जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. आता रोज रात्री मी त्यांचे तळवे बॅटरीच्या उजेडात बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. कुरूप झालं तर ब्लेड लावू देत नाही, मेडिकलमधली कुरुपाची पट्टीही नाही, त्यातल्या ॲसिडने चांगली कातडी जळते. तुम्हाला साखर नसेलही. पण रिपोर्ट हातात येईपर्यंत वीट बाजूला ठेवा, ही विनंती.

फलटणची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. वीट आजच बंद. दाबून पाहिलं, तसं दुखत नाही. एक अडचण आहे. अन्न शिजतं तिथे चप्पल घालून उभं राहायला मन घेत नाही.

पाऊलवाट

नवी कोरी जोडी आणा, तिला रस्ता दाखवू नका. रात्री साबणाने धुऊन ओट्याखालीच ठेवा. माझ्या आईलाही हेच सांगून पटवावं लागलं.

वाखरीचा_मुक्काम

माऊली, अठरा वाऱ्या झाल्या, म्हणून अधिकाराने सांगतो. यंदा आळंदी ते पंढरपूर चालायचा हट्ट धरू नका. अडीचशे किलोमीटर आहे. पुणे ते सासवड एकाच दिवसात जवळजवळ तीस, त्यात दिवे घाट. तिथे धडधाकट माणसांचे घोटे सुजलेले मी बघितलेत. तुम्ही फलटणकडच्या ना? लोणंद ते तरडगाव चाला. आठेक किलोमीटरच आहे, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. नवीन बूट घालून येऊ नका, महिनाभर आधी वापरून मळवा. पाय भिजले की कोरडे करून मोजे बदला, पावसात फोड त्यानेच येतात.

फलटणची_लेक (मे अखेर)

सांगितल्याप्रमाणे कळवते. इथल्या फिजिओथेरपिस्टना दाखवलं, त्यांनीही तेच नाव सांगितलं. उपाशीपोटी साखर ११८ आली, काठावर म्हणाले, खाण्यावर लक्ष आहे. लाटायला आता उंच स्टूल केलंय, तव्यापाशी आळीपाळीने उभ्या राहतो. मॅट दोन आणल्या.

पहिले तीन आठवडे काडीचा फरक नव्हता. रडू आलं होतं एकदा. पाचव्या आठवड्यात एके सकाळी मोरीच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं की भिंतीला हात लावलाच नव्हता. कळ अजून आहे, पण खिळ्याची आता चिमटीएवढी झाली आहे. पायरीवरचा व्यायाम दिवसाआड चालू आहे, बारा-बाराचे तीन फेरे. दुसरं इंजेक्शन घेतलं नाही.

फलटणची_लेक (आषाढ)

लोणंद ते तरडगाव चालले. तुळस डोक्यावर होती. रिंगणाच्या वेळी दीड तास उभं राहावं लागलं तेव्हा टाच भरून आली, पण पाऊल टेकत होतं. तरडगावात रस्त्याकडेला बसले आणि उठण्याआधी सवयीने पाय मांडीवर घेऊन बोटं ओढायला लागले. शेजारी परभणीच्या एक आजी होत्या, त्यांनी विचारलं हे काय करतेस गं. त्यांचीही डावीच टाच, सहा वर्षांपासूनची. त्यांच्या तळव्यावर बोट ठेवून पट्टा कुठे असतो ते दाखवलं. भेगा फार होत्या, माझ्याकडचं कोकम तेल त्यांना दिलं. साखरेचंही विचारलं, तपासलेली नाही म्हणाल्या. नातू सोबत होता, त्याला नीट समजावून सांगितलं.

उद्या सकाळी पहिलं पाऊल कसं पडतंय ते लिहिते.