सीटवर नुसता गठ्ठा तरी बेल्टचा बझर, ८० ला बीप, रिव्हर्सला आवाज: कुठला बंद करता येतो?

जुळे_सोलापूर

पेट्रोल हॅचबॅक, २०२१ चं मॉडेल, ४८,००० किमी. आठवड्यातून दोनदा सोलापूर–पुणे, बाकी गावात. गाडीत चार वेगवेगळे आवाज येतात.

१) शेजारच्या सीटवर चादरींचा गठ्ठा ठेवला की बेल्टचा बझर. हल्ली सीट रिकामी असतानाही कधीकधी दिवा लागतो. महिन्यापूर्वी नवीन सीट कव्हर घातलेत.
२) ८० च्या वर गेलं की बीप. मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत सारखं चालू असतं.
३) रिव्हर्स टाकला की मागे काही नसताना सेन्सर वाजतो, विशेषतः गाडी धुतल्यावर.
४) वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर मीटरमध्ये क्षणभर लाल दिवा आणि एक बीप. लगेच जातो, त्यामुळे याचा त्रास नाही.

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बकलमध्ये घालायची क्लिप दाखवली. दुसरा एक जण मीटर खोलून बझरच काढून देतो म्हणाला. यातलं काय करावं?

वायरिंगवाला_अक्कलकोट_रोड

दोन्ही करू नका.

मीटरमधला बझर बहुतेक गाड्यांत एकच असतो. बेल्ट, उघडं दार, हँडब्रेक, इंजिन तापणं, सगळ्यांसाठी तोच वाजतो. तो काढला की मे महिन्यात रेडिएटरचा पंखा बंद पडला तरी गाडी गप्प राहणार आणि तुमचं लक्ष तापमानाच्या दिव्याकडे जाईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं असेल. फ्यूज काढायचा सल्लाही कुणी देईल. तो फ्यूज अनेकदा अख्ख्या मीटरचा किंवा एअरबॅगचा असतो, त्यामुळे तेही नको.

आता क्लिप. बकलमध्ये पट्टी गेली की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला ‘बेल्ट लावलाय’ असा निरोप जातो. समोरून धडक बसली की प्री-टेन्शनर बेल्ट मागे खेचतो, पण छातीवर बेल्टच नसतो. एअरबॅग ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते. बेल्टने धरून न ठेवलेला माणूस तेवढ्यात पुढे गेलेला असतो आणि फुगत असलेली बॅग त्याच्या तोंडावर, छातीवर बसते. बॅगेची सगळी मापं बेल्ट लावलेल्या माणसासाठी ठरवलेली असतात. बेल्ट पाठीमागून घेऊन बकलमध्ये अडकवला तरी परिणाम हाच. म्हणून तर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. केंद्राच्या अहवालात २०२१ या एका वर्षात बेल्ट न लावल्यामुळे गेलेल्यांचा आकडा १६,३९७ आहे, आणि त्यात ७,९५९ जण चालक नव्हते, प्रवासी होते. शेजारच्या सीटवरचा बेल्ट म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दंड १,००० रुपये आहे, तो त्यामानाने काहीच नाही.

गठ्ठ्याचं सोपं आहे. शेजारच्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारी पातळ चटई असते. चार-पाच किलोची पिशवीही तिला माणूस वाटू शकते. गठ्ठा डिकीत टाका, नाहीतर पुढच्या सीटच्या मागे पायांच्या जागेत ठेवा. सीटवरच ठेवायचा असेल तर खरा बेल्ट गठ्ठ्याभोवती लावा. बझर थांबेल आणि करकचून ब्रेक लागला तर गठ्ठा गिअरवर येऊन पडणार नाही.

रिकाम्या सीटवर दिवा लागतो, त्यात माझा पहिला संशय सीट कव्हरवर आहे. कव्हर घट्ट बसावं म्हणून खालून इलॅस्टिक आणि आकडे ओढून बांधतात. त्याने दोन गोष्टी होतात: गादी दाबलेली राहते आणि चटईला वजन जाणवतं, किंवा आकडा सीटखालच्या वायरला अडकतो आणि सीट मागेपुढे केली की कपलर (वायरींचा जोड) खेचला जातो. तपासायची पद्धत:

सीट रिकामी, इग्निशन ऑन, इंजिन बंद. दिवा लागलेला असेल तर कव्हरचे खालचे आकडे सोडा. दिवा गेला तर कव्हर सैल करून परत बांधा, काम संपलं. नाही गेला तर सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवा, दिवा लपकतो का बघा. लपकला तर वायर किंवा कपलर. मग बेल्ट बकलमध्ये घालून बघा. त्यानेही दिवा जात नसेल तर बकलच्या आतला स्विच गेलाय किंवा कचऱ्याने अडकलाय. बकलमध्ये टॉर्च मारून बघा, शेंगदाण्याची सालं आणि नाणी हमखास निघतात. टायरवाल्याकडच्या हवेने फुंकून काढा, मग पट्टी पंधरा-वीस वेळा घाला-काढा. तेल किंवा स्प्रे मारू नका. त्यावर धूळ बसून लगदा होतो. चहा किंवा सरबत सांडून चिकट झालं असेल तर बकल बदलणं हाच उपाय.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा प्री-टेन्शनरचा. इग्निशन ऑन असताना त्याला हात लावायचा नाही, मल्टीमीटरही लावायचा नाही. नुसता सुटला तरी एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढावा लागतो. कपलर हलवणं भागच असेल तर बॅटरीची मायनस काढून किमान तीन मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. एअरबॅगचा दिवा आत्ताच लागलेला असेल तर घरी काहीच उघडू नका.

एनएच_६५

८० चा बीप बंद करायचा अधिकृत मार्ग नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या सगळ्या कारना तो सक्तीचा आहे, नियमाचं नाव एआयएस-१४५. ८० ओलांडल्यावर मिनिटाला दोन बीप, १२० ओलांडल्यावर सतत.

तुम्ही ‘सारखं चालू’ लिहिलंय म्हणून विचारतो: मिनिटाला दोनपेक्षा जास्त वाजतंय का? तसं असेल तर मीटरच्या मेनूत स्वतः लावायचा स्पीड अलर्ट चालू राहिलेला असेल. तो कंपनीच्या बीपपेक्षा वेगळा असतो आणि खुशाल बंद करता येतो. मेनूत सेटिंग, मग स्पीड अलर्ट, मग ऑफ. बरेच लोक दोन्ही आवाज एकच समजून वैतागतात.

टायरचा साइजही बघून घ्या. १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/६५ आर१५ टाकले की टायरचा व्यास ६२१.५ मिमीचा ६३४.५ होतो, म्हणजे २ टक्के मोठा. मीटर तेवढं कमी दाखवतो आणि बीपही उशिरा येतो. कंपनीच्या साइजवर मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतो, तशी सोयच नियमात आहे. जीपीएसशी ताडून बघायचं असेल तर सरळ रस्त्यावर एक मिनिट एकाच वेगात चालवा आणि फोन शेजारच्या माणसाला बघू द्या.

वेळेचा हिशोबही सांगतो. पुण्यापर्यंत साधारण २५० किमी. सलग ८० ने ३ तास ८ मिनिटं, सलग ९० ने २ तास ४७ मिनिटं. सलग ९० कुणालाच मिळत नाही, टोलनाके आणि गावांजवळचे ट्रॅक्टर धरले की खरा फरक दहा-पंधरा मिनिटांचा उरतो. क्रूझ कंट्रोल असेल तर ७८ ला लावा, बीप येणारच नाही.

होटगी_रोड

रिव्हर्स सेन्सरसाठी: गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन ऑन, रिव्हर्स टाका. मागे जाऊन प्रत्येक सेन्सरच्या गोल तोंडावर बोट टेकवा. चालू सेन्सर बोटाला बारीक टिकटिक देतो, मेलेला देत नाही. पाण्याचा थेंब किंवा चिखलाची खपली तोंडावर असली तर तोच अडथळा म्हणून मोजला जातो, म्हणून धुतल्यावर वाजतो. मऊ फडक्याने पुसा. प्रेशरचं पाणी जवळून मारू नका.

पुसूनही वाजत असेल तर बंपरला नंतर रंग दिलाय का बघा. सेन्सरवर जाड थर चढला की त्याचं तोंड नीट थरथरत नाही. बाहेरून बसवलेले सेन्सर असतील तर जमिनीपासून ५० ते ७० सेंमीवर हवेत आणि खाली झुकलेले नकोत, नाहीतर रस्ताच दिसतो त्यांना.

ब्रेक_लायनर

पहिल्या तीन आवाजांवर सगळं लिहून झालं, पण चौथा राहिलाय आणि आधी बघायचा तोच आहे.

ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगतं असतं. पातळी खाली गेली की ते हँडब्रेकचाच लाल दिवा लावतं, वेगळा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो. पातळी काठावर आली की वळणावर आणि ब्रेक दाबताना ऑइल एका बाजूला जातं, तरंगतं क्षणभर खाली टेकतं, दिवा लागून जातो. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. वळणाऐवजी खड्ड्यात दिवा लपकत असता तर मी हँडब्रेकच्या दांडीखालच्या स्विचवर संशय घेतला असता.

पातळी दोन कारणांनी उतरते. ब्रेकचे पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येतो, ती जागा ऑइलने भरते आणि डबीत कमी होतं. ४८,००० किमीला हे शक्य आहे. दुसरं कारण गळती, आणि ती धोक्याची.

पुण्याला जाण्याआधी हे करा. गाडी सपाटीवर, बॉनेट उघडा, डबीवर मिनिमम–मॅक्झिमम खुणा आहेत. पातळी लिहून ठेवा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला विशेष. ड्रममधला व्हील सिलिंडर गळायला लागला की तिथेच ओघळ येतो. मग पुढची चाकं काढून पॅड मोजा. बाहेरचा पॅड चाकातूनच दिसतो आणि जाड असला की लोक निश्चिंत होतात, पण कॅलिपरची पिन जाम असेल तर आतला एकटाच झिजतो. घर्षणाचा थर ३ मिमी किंवा कमी असेल तर दोन्ही चाकांचे पॅड बदला.

आत्ता वरून ऑइल ओतून दिवा घालवू नका. पॅड झिजलेले असतील तर नवीन घालताना पिस्टन मागे ढकलला जातो आणि ते सगळं ऑइल डबीतून बाहेर सांडतं. रंगावर पडलं तर रंग उठतो. पडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पेडल मऊ लागलं, खाली जायला लागलं किंवा दिवा लागूनच राहिला, तर गाडी चालवू नका, उचलून न्या.

विजापूर_रोड

याच धाग्यात विचारतो. नवीन गाडीत एडास (कॅमेरा-रडारवर चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे. ऊसगाड्या दिसल्या की धडकेची सूचना वाजते, आणि पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेनचा आवाज. दोन्ही बंद करावेत का?

एनएच_६५

लेनचा बंद करा, त्याला हरकत नाही. पट्टे पुसलेले, डांबराचे ठिगळ असलेले रस्ते असले की कॅमेरा ठिगळाच्या कडेलाच पट्टा समजतो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर किंवा डॅशवर बटण असतं. चौपदरी रस्त्यावर परत चालू करा.

धडकेची सूचना बंद करू नका. फार लवकर वाजते असं वाटत असेल तर सेटिंगमध्ये अंतर ‘जवळ’वर आणा. हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्री बिनदिव्याचा उभा असतो आणि ऊस ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर आलेला असतो. रडार ट्रॉलीच्या लोखंडाचं अंतर मोजतो, उसाच्या टोकांचं मोजेलच असं नाही. म्हणून सूचना आली की तिच्या हिशोबापेक्षा लवकर वेग कमी करायचा.

आणि दगड लागून पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम परत जुळवणं) करून घेतलंय का विचारा. कॅमेरा एक अंश जरी सरकला तरी ५० मीटरवर जवळपास ९० सेंमीची चूक होते. शेजारच्या लेनमधल्या गाडीवर वाजायला तेवढी पुरते.

जुळे_सोलापूर

बघून आलो. सीट कव्हरचा आकडाच वायरला अडकला होता, सोडला, दिवा गेला. स्पीड अलर्ट मेनूत चालूच होता, बंद केला. आता फक्त मिनिटाला दोन बीप. सेन्सर चारही चालू आहेत, तोंडं पुसून घेतली. ब्रेक ऑइल मिनिममच्या किंचित खाली. गळती नाही. डावीकडचा आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ६. उद्या पॅड टाकतोय. आणखी काय सांगू त्यांना?

ब्रेक_लायनर

आतला २ आणि बाहेरचा ६ म्हणजे पिन जाम आहे. नुसते पॅड टाकले तर नवीनही तसेच झिजतील. दोन्ही कॅलिपरच्या पिना काढून साफ करायला सांगा, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस रबर फुगवतं. रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला. डिस्कची जाडी मोजून घ्या. किमान किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो. दोन वर्षांत बदललेलं नसेल तर याच वेळी पूर्ण बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या.

पॅड बसवून झाले की गाडी जागेवर असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते कडक होईपर्यंत. पहिल्या दाबाला ते तळाशी जातं, आणि गॅरेजच्या दारातच गाडी ठोकली जाते ती यामुळेच. त्यानंतर पातळी बघून मॅक्झिममच्या खाली राहील एवढंच ऑइल घाला. पहिले २००-३०० किमी गरज नसताना करकचून ब्रेक नको, त्यामुळे पुण्याची फेरी दोन दिवस पुढे ढकला आणि तोवर गावात चालवा.