सहा दिवस घोड्यावरून डोंगरात: ओझं किती, आणि रात्री बांधायचं कसं?

आडवाट:
तिघं स्वार, तीन सवारीचे घोडे, एक ओझ्याचा. सहा दिवस वाटेत वस्ती नाही, गाडीरस्ता नाही. घोडे साधारण ४०० किलोचे. स्वार ७०-८० किलोचा असतो, मग ओझ्याच्या घोड्यावर ८० किलो लादले तर चालतील ना? रात्री झाडाला बांधलं की झालं का?

खरारा:
८० नको. वजनाच्या २० टक्के ही हद्द स्वार, खोगीर आणि पडशी सगळं धरून आहे. म्हणजे तुमचा ८० किलोचा स्वारसुद्धा या घोड्याला जड. त्यात स्वार निदान चालीबरोबर तोल सांभाळतो, चढाला पुढे झुकतो. ओझं मेलेलं असतं. ते खोगिरासकट ६०-६५ वर ठेवा.

आता हिशोब करा. नुसतं ओझ्याचं खोगीर आणि पेट्या मिळून १५ किलो. चंदी (घोड्याचा दाणा) घोड्यामागे रोज एक किलो धरली तरी चार घोडे, सहा दिवस, २४ किलो. उरले २५ च्या आसपास, त्यात तिघांचं जेवण, तंबू, भांडी. बसत नाही. दुसरा ओझ्याचा घोडा घ्याच. (आणि चंदी निघायच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, आठवडाभर आधी थोडी थोडी सुरू करा, नाहीतर पोटशूळ.)

चारा मात्र वाहून नेता येत नाही. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला आठेक किलो सुका चारा लागतो. म्हणून तळ गवत बघून ठरवायचा, देखावा बघून नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास चरायला हवेत. तेवढा वेळ सोडूनच रोजची मजल आखा.

दोन्ही बाजू ताणकाट्यावर तोला. फरक अर्ध्या किलोच्या आत. जड सामान खाली, अंगालगत.

दुमची:
मोहीम बहुतेक वेळा घोड्याच्या पाठीवरच मोडते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवून धरतो, शिवाय खोगिराखालची घडीही दबते, त्यामुळे निघाल्यावर वीस मिनिटांनी थांबून पुन्हा आवळायचा. चढाला खोगीर मागे सरकतं, त्याला पेशबंद, म्हणजे छातीवरचा पट्टा. उताराला पुढे येऊन खांद्यावर चढतं, त्याला दुमची, म्हणजे शेपटीखालून घेतलेला पट्टा. तीव्र उतारावर स्वारांनी उतरून चालावं.

तळावर पोचल्यावर खोगीर लगेच ओढून काढू नका. तंग सैल करून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. दबलेल्या जागी रक्त एकदम आलं की गाठी उठतात. काढल्यावर, खरारा मारायच्या आधी, पाठ बघा: सगळी घामाने भिजलेली आणि मध्येच रुपयाएवढा कोरडा डाग, तर दाब तिथेच पडतोय. दुसऱ्या दिवशी तिथे सूज, तिसऱ्या दिवशी कातडं सोललेलं. डाग दिसला त्याच संध्याकाळी घडीला तेवढ्या जागी भोक पाडा.

पायबंद:
एका झाडाला बांधलेला घोडा रात्रभर मुळं उकरतो, साल खातो, नाहीतर दोर बुंध्याला गुंडाळून घेतो. दोन झाडांमध्ये, घोड्याच्या डोक्याच्या वर, दोर ताणून बांधा. सालीवर चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टा, दोर थेट नाही. त्या दोराला मोहरकीची (डोक्यात घालायच्या, तोंडात कडी नसलेल्या साजाची) दोरी अशी बांधा की नाक जेमतेम जमिनीला टेकेल. हातभर जास्त सोडली तर पाय अडकलाच. दोन घोड्यांत तीन मीटर अंतर. गाठ एका झटक्यात सुटणारी. लगाम लावून कधीच बांधू नका, दचकला तर तोंड फाटतं.

चरताना पायबंद (पुढचे दोन पाय जोडणारा पट्टा) घालत असाल तर तो महिनाभर आधी शिकवा. आणि त्यावर फार विसंबू नका, पायबंदासकट उड्या मारत घोडे मैलभर जातात. कळपाचा पुढारी बांधून ठेवा, बाकीचे फारसे लांबत नाहीत.

आडवाट:
दुसरा ओझ्याचा घोडा घेतोय. त्याला पुढच्याच्या खोगिराला पक्कं बांधू का?

दुमची:
पक्कं नाही. मध्ये सुतळीची कडी घाला, जोराचा हिसका बसला की तुटेल अशी. नाहीतर कड्यावरून एक घसरला की दुसराही जातो. नदी उतरताना ती कडीही सोडा. नाल मारून आठवडा झाल्याशिवाय निघू नका, खिळा जिवंत भागात गेला असेल तर लंगडेपण तोवर दिसतं. एक खुराचा बूट बरोबर असू द्या.